मधेच सोडून आले तर

१२ ऑक्टोबर

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. तू वाचून नाक मुरडलं असतंस. मग 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, तेही खोडलं, कारण त्यातल्या प्रेमाबद्दल आपल्या दोघांचीही खात्री नाही. शेवटी कागदच बदलला आणि नुसतं 'ताई' लिहिलं. तेवढं तरी वादातीत आहे.

मी तुझा भाऊ. अक्षरावरून ओळखलंच असशील, अजूनही कोंबडीचे पायच आहेत. तुझ्या कारखान्याचा पत्ता त्यांच्या वेबसाइटवर मिळाला. फोन नंबरही होता, पण तू 'हॅलो' म्हटल्यावर पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नसतं. तेवीस वर्षांनंतर फोन करून 'काय म्हणतेस' विचारायला तोंड पाहिजे.

कामाचंच लिहितो. माझी मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. विषय विचारू नकोस. बरं, सांगतो: इंजिनिअरिंग फिजिक्स. होय. तुला लागली, तुझ्यामुळे मला लागली, ती पीडा आता पुढच्या पिढीत उतरली आहे. तिला कोणी फूस लावली नाही, निदान मी तरी नाही.

लोक अजून तेच विचारतात. मावशी परवा म्हणाली, "म्हणजे ही नक्की इंजिनिअर होणार की शाळेत शिकवणार?" तू याच मावशीला सांगायचीस, "मावशी, पंखा का बंद पडला ते मी सांगेन, पण चालू करायला माणूस तुम्हीच बोलवा." भिंगरी सांगत बसत नाही, स्टुलावर चढून पंखा उघडते. मग माणूस बोलवावाच लागतो.

पुढे काय शिकायचं यावर घरात सध्या रोज संमेलन भरतं. तिच्या विभागानं त्यांना एक दिवस बसवून सांगितलं की इथून वाटा सगळीकडे जातात. फिजिक्समध्ये पीएचडी करा. चिप बनवायच्या असतील तर इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करा. मटेरियल्स आहे, ऑप्टिक्स आहे, अणुऊर्जा आहे, माझ्यासारखं मेडिकल फिजिक्स आहे. ज्यांना आकडे आवडतात पण प्रयोगशाळा सोसत नाही त्यांच्यासाठी बँका आहेत. एवढं ऐकून पोरगी घरी आली ती डोकं धरूनच.

मी माझं मत तिच्यावर लादत नाही. मेडिकल फिजिक्स दोन वर्षांचं असतं, मग हॉस्पिटलात प्रशिक्षण, मग नोकरी. मी कॅन्सरच्या हॉस्पिटलात आहे. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच रेडिएशन, लिहिलं तिथेच जातंय ना, हे बघणं माझं काम. पेशंट मला इलेक्ट्रिशियन समजतात. पण काम चांगलं आहे, घर चालतं, झोप लागते. एवढं मी तिला सांगितलं, बस.

तिला मात्र पीएचडीचं वेड लागलंय. ते घर तू आतून पाहिलेलं आहेस. तर तिला एक पत्र लिही, जे आहे ते सांग. घाबरवू नकोस, फक्त वस्तुस्थिती लिही. तेवढ्यानं काम होईल.

बाबा बरे आहेत. ऐकू कमी येतं, पण ऐकायचं नसतं तेवढंच. माझ्या लग्नात जे झालं ते मी उगाळणार नाही. तूही नको.

तुझा भाऊ


९ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "पोरीला काय आवडतं ते लिही. तुला काय हवंय ते कळलं." एवढंच? इतक्या वर्षांनी भावाला लिहायला बसलीस आणि शाई संपली?

बायकोनं ते कार्ड वाचलं आणि फ्रीजवर लावून ठेवलं. म्हणाली, "नणंदबाईंनी एका ओळीत ओळखलं, मला संसार करावा लागला." ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे माणूस कुठे उभा आहे ते तिला लांबूनही दिसतं.

बरं. भिंगरीला बिघडलेल्या गोष्टी आवडतात. गेल्या उन्हाळ्यात ती एका प्रयोगशाळेत होती, तिथे काचेच्या नळीतल्या वायूला वीज देऊन प्लाझ्मा पेटवतात. बाकीची मुलं त्या जांभळ्या उजेडाचे फोटो काढत होती. ही महिनाभर एकच शोधत बसली, की तो उजेड डाव्या बाजूलाच का थरथरतो. शेवटी सापडलं नाही ते नाहीच. घरी आली ती मात्र खुशीत. आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या भिंगं, लेसर आणि पुठ्ठ्याचे डबे आहेत आणि आम्ही तिघं एका कोपऱ्यात जेवतो. बाबांच्या काठीला तिनं आरसा बांधलाय. बाबा उठायचं म्हटलं की आधी तिची परवानगी घेतात.

तिला असं वाकून बघताना पाहिलं की मला आपलं तळघर आठवतं. फिजिक्सवाल्यांना आपण नको होतो आणि इंजिनिअरिंगवाल्यांनाही नको होतो, म्हणून विभागाला दिलेली ती जागा. तू शेवटच्या वर्षाला, मी पहिल्या. मी दोघांचे डबे घेऊन जिना उतरायचो तेव्हा व्हॅक्यूम पंपाची धडधड आधी पायांना कळायची, मग कानांना. तू उंच स्टुलावर बसलेली असायचीस. मी दाब दाखवणाऱ्या गेजवर वाकलो की ओरडायचीस, "थांब! आधी बोल, किती असेल?"

"वाचून सांगतो ना, ताई."

"वाचून कोणीही सांगेल. आधी अंदाज लिही, मग बघ. नाहीतर काटा म्हणेल ते तुला खरं वाटायला लागेल, शंखोबा."

ते मी अजून पाळतो. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीन तपासतो, पाण्याच्या टाकीत मापक सोडतो, आणि आकडा बघण्याआधी माझा अंदाज पेन्सिलीनं लिहितो. हाताखालची मुलं हसतात. मी त्यांना सांगत नाही की हे मला कोणी शिकवलं.

आणि घरी जाताना आपण दुसऱ्या स्टॉपपर्यंत चालत जायचो, कारण पहिल्या स्टॉपवर बस आली तर बोलणं अर्धं राहायचं. कधी कधी तिसऱ्यापर्यंत जायचो. मला तेव्हा भौतिकशास्त्र म्हणजे तेच वाटायचं, तुझ्याबरोबर चालत जाणं आणि तू बोलत राहणं. पुढे तू परदेशी पीएचडीला गेलीस आणि मी एकटा पहिल्याच स्टॉपवरून बस धरायला लागलो.

उगाळणार नाही म्हणालो होतो, पण आता सुरूच झालंय तर ऐक. लग्नाच्या जेवणात बाबा तुझी ओळख माझ्या सासऱ्यांना करून देत होते. "ही आमची थोरली, डॉक्टर. पीएचडी केली तिकडे." आणि तू ताटावरून मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "मी डॉक्टर नाही. मी ते सोडलं, वर्ष झालं." बाबा ताट तसंच ठेवून बाहेर गेले. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानानं गेलीस. मला हे सगळं तिथेच, त्या पंगतीत, पाहुण्यांबरोबर कळलं. ताई, तू मला आधी का सांगितलं नाहीस? लग्न मोडलं असतं का? मला सांगायचंस. मी तुझाच होतो ना?

शंखोबा (हे नाव घरात अजून कोणाला माहीत नाही, तसंच राहू दे)


४ डिसेंबर

ताई,

आमच्याकडे काल महाभारत झालं. तुला हसू येणार आहे, ते आधीच हसून घे.

मी एक तक्ता केला. उभ्या रांगेत एकेक पदवी, आडव्या रांगेत निकष: आवड, नोकरीची खात्री, किती वर्षं लागतात, ताण, घरापासून अंतर. प्रत्येक निकषाला वजन दिलं. गुणाकार केले, बेरजा केल्या, चूक किती होऊ शकते तेही काढलं. मेडिकल फिजिक्स पहिलं आलं. फिजिक्सची पीएचडी शेवटून दुसरी आली, तिच्या खाली फक्त बँक.

जेवण झाल्यावर मी तो सगळ्यांपुढे ठेवला. भिंगरीनं नीट वाचला. मग म्हणाली, "बाबा, ही वजनं कुठून आली?"

"विचार करून ठरवली."

"उत्तर यायच्या आधी की नंतर?"

मी पाणी प्यायलो.

"घरापासूनच्या अंतराला साडेसतरा? साडेसतरा कोण ठरवतं, बाबा? पंधरा ठेवलं की मटेरियल्स वर येतं. आणि ताणाचं वजन जरा खाली घेतलं की पीएचडी वर. तुम्ही उत्तर आधी ठरवलंत आणि वजनं मागून जुळवलीत!"

बाबांनी खुर्चीतून विचारलं, "काय झालं गं?" आणि बायको त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "काही नाही, तुमचा मुलगा कॉपी करताना सापडला."

खरं सांगतो. पहिल्या खेपेला मेडिकल फिजिक्स तिसरं आलं होतं. मी अंतराचं वजन थोडं वाढवलं. मग अजून थोडं. माझ्या हाताखालच्या मुलानं मशीनच्या मोजमापात असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि तरीही मला ते करताना काही गैर वाटलं नाही, उलट बरं वाटत होतं. आपल्यासारख्या लोकांना पोटातली भीती सरळ सांगता येत नाही, तिला दशांश चिन्ह लावावं लागतं.

पण खरा बॉम्ब पुढे होता. भिंगरी रागाच्या भरात म्हणाली, "आत्या म्हणालीच होती, बाबा असंच काहीतरी करेल!"

कोण आत्या? तिला एकच आत्या आहे.

मग बाहेर आलं. दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या प्रोजेक्टमधल्या व्हॅक्यूमच्या भांड्याच्या झाकणाखालचं गॅसकेट गळत होतं, म्हणून तिनं एका कारखान्याला ईमेल केला. उत्तर तिकडच्या एका बाईंनी दिलं आणि खाली आडनाव आपलं होतं. तेव्हापासून तुमचं चालू आहे. तिच्या आईला माहीत होतं. बाबांना नाही. मलाही नाही.

दोन वर्षं तू माझ्या पोरीशी बोलतेस आणि मला दोन ओळींचं कार्ड. मी तुला ऑक्टोबरात केवढ्या ऐटीत कळवलं की मला एक मुलगी आहे! तू ते वाचताना काय तोंड केलं असशील ते मला दिसतं. मी रागावलोय, आणि ते तुला कळावं म्हणून लिहितोय.

सुट्टीत ती तुझ्याकडे येते आहे. तिकीट काढून मोकळी झाली, विचारलं नाही, सांगितलं. तिला थंडी बाधते, कान उघडे ठेवू देऊ नकोस. ऐकणार नाही, तरी सांग.

तुझा भाऊ


११ जानेवारी

ताई,

भिंगरी पोचली. टोपी तिकडेच विसरली.

पहिले दोन दिवस ती फक्त तुझ्या कारखान्याबद्दल बोलत होती. निर्वात भट्ट्या. आतली सगळी हवा काढून घ्यायची आणि मग धातू तापवायचा, म्हणजे त्याला गंज चढत नाही. तुझी भट्टी कपाटाएवढी आहे, की आमच्या स्वयंपाकघराएवढी, यावर फोटो बघता बघता तिचं आणि तिच्या आईचं भांडण झालं. तू सांध्यांवरून हीलियमची नळी फिरवतेस आणि गळती सापडली की लहान मुलासारखी टाळी वाजवतेस, हे तिनं मला करून दाखवलं. तू तळघरातही तशीच टाळी वाजवायचीस. मी तिला ते सांगितलं, आणि मग तिला आपल्याबद्दल ऐकायचंच होतं, त्यामुळे त्या दिवशी चहा तीनदा झाला.

तिसऱ्या दिवशी तिनं मला लिफ्टचं सांगितलं. 'बाबाला सांगू नकोस' असं तू तिला म्हणाली नव्हतीस, म्हणजे मला कळावं असं तुला वाटत होतं, असा मी अर्थ काढतो.

मला जेवढं समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. तुला एक फार बारीक सिग्नल मिळत होता. दोन वर्षं तू तो मोजलास. लेख लिहून तयार झाला, तुझे प्रोफेसर खूश, त्यावर तुझी पदवी उभी. आणि मग इमारतीची लिफ्ट आठवडाभर दुरुस्तीला बंद झाली आणि सिग्नल गेला. लिफ्ट सुरू झाली, सिग्नल आला. तू दोन वर्षं लिफ्टचं वर-खाली जाणं मोजत होतीस. प्रोफेसर म्हणाले, आणखी मोजून बघू, घाई नको, लेख तर छापायला जाऊ दे. तू म्हणालीस, लेख जाणार नाही. मग त्यांचं आणि तुझं जमेना, पुन्हा शून्यापासून सुरू करायला अंगात त्राण नव्हतं, आणि तू मास्टर्सचा कागद घेऊन बाहेर पडलीस.

भिंगरी म्हणाली, "बाबा, तिनं स्वतः शोधलं. कोणाला कळलंही नसतं."

मला लग्नातली ती पंगत पुन्हा दिसली. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू तिथे बाबांचा सूड घेतलास, माझ्या दिवशी, माझ्या सासऱ्यांपुढे. पण तू तेच केलं होतंस जे तिकडे केलंस. एक चुकीची गोष्ट खरी म्हणून पुढे जात होती आणि तुझ्याच्यानं ती जाऊ देववली नाही. तू तशीच आहेस. तळघरात मी आकडा जरा गोल करून लिहिला तरी तुला खपायचं नाही.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती मला माहीत नव्हती. तू सोडल्याचं बाबांना लगेच कळवलं होतंस आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, "पूर्ण कर, मगच ये." आई नुकतीच गेली होती. घरातून तुला गेलेलं ते एकच वाक्य. तरी तू माझ्या लग्नाला आलीस.

मला आता रागावता येत नाही आणि रागाशिवाय तुला पत्र कसं लिहायचं याची सवय नाही. म्हणून इथेच थांबतो.

शंखोबा


२२ मार्च

ताई,

पत्रं आली. तिला तीन ठिकाणी जागा मिळाली आहे. एक मेडिकल फिजिक्सची, इथेच, माझ्या हॉस्पिटलपासून चालत जाण्याइतकी जवळ. एक ऑप्टिक्सच्या मास्टर्सची, दोन वर्षांची, लेसरच्या कंपन्या तिथूनच मुलं उचलतात. आणि तिसरी फिजिक्सच्या पीएचडीची, तुझ्या गावापासून रेल्वेनं दोन तासांवर. एप्रिलच्या मध्यापर्यंत सांगायचंय.

मी तुला फोनवर विचारलं, तिनं काय करावं, आणि तू म्हणालीस, "आधी तुझा अंदाज लिही." तेवीस वर्षांनी पहिल्यांदा बोललो आणि तिथेही तुझा तास सुरू! पण लिहिला. माझा अंदाज: ती पीएचडी घेईल. कारण: आत्या तिकडे आहे आणि बापाला नको आहे.

तुझा आवाज जरा जाड झालाय. हसणं तेच आहे. फोन ठेवल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत नुसता बसून राहिलो होतो, चांगलं वाटत होतं.

तू विचारलंस, तुला नक्की कशाची भीती वाटते. तेव्हा मी नोकरीचं काहीतरी बोललो. ते खोटं होतं. माझ्या विभागात पीएचडी केलेले आहेत, तेही जेवतात. तिला जमणार नाही असंही मला वाटत नाही, तिला जमेल. ताई, आपल्या घरातून एक मुलगी पीएचडीला गेली आणि परत आलीच नाही. लग्नाला एक दिवस आली ती पाहुण्यासारखी. मी तेव्हा तुझ्यावर चिडलो, कारण चिडणं सोपं होतं. खरं म्हणजे मला तुझी आठवण यायची. मुलगी झाली तेव्हा, हॉस्पिटलात नवं मशीन आलं तेव्हा, एखादा आकडा जुळला नाही की दर वेळी. मला भिंगरीची तशी आठवण काढत बसायचं नाही. साडेसतरा टक्के म्हणजे ते होतं.

हे मी तिला अजून बोललेलो नाही. मेडिकल फिजिक्सबद्दलही तोंड बंद ठेवलंय. बायको विचारते, ताप आलाय का.

बाबांना मी त्या वाक्याबद्दल विचारलं, 'पूर्ण कर, मगच ये' बद्दल. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. ऐंशी पार केलेल्या माणसाशी मी भांडू शकत नाही.

शंखोबा


१४ एप्रिल

ताई,

आज सकाळचं आजच लिहितो, नाहीतर मी त्यात सुधारणा करत बसेन.

नाश्ता चालू होता. भिंगरी लॅपटॉप घेऊन आली आणि टेबलावरची भिंगं सरकवून बसली. म्हणाली, "मला सगळ्यांना एक विचारायचंय. समजा मी पीएचडीला गेले. आणि समजा तीन वर्षांनी मला कळलं की हे होत नाही. मधेच सोडून आले तर?"

मी ह्या प्रश्नाची तयारी केली होती, विश्वास ठेव. छान वाक्य होतं, आधारबिधार देणारं. पण तोंड उघडलं आणि माझी नजर बाबांकडे गेली. ते पावाला लोणी लावत होते. बायकोनं हातातला कप खाली ठेवला.

"आजोबा," भिंगरी मोठ्यानं म्हणाली, "सोडून आले तर?"

"ऐकलं," बाबा म्हणाले. "ओरडू नकोस."

त्यांनी लोणी लावायचं पूर्ण केलं. मग म्हणाले, "तर ये."

"अर्धवट?"

"अर्धवट ये, पाव ये, काही न करता ये. घर काय निकाल बघून दार उघडतं का?" मग पावाकडे बघतच: "मी एकदा उलटं सांगितलं होतं. मला वाटलं तेवढ्यानं पोरगी जिद्दीला पेटेल. ती फार मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. मग लोकांना डॉक्टर सांगत गेलो, म्हणजे तिला यायला तोंड राहील. तेही चुकलं."

मग ते माझ्याकडे वळले. "काय करते रे ती? भट्ट्या ना?"

"निर्वात भट्ट्या, बाबा."

"तेच. शेजारच्या वकिलांनी परवा विचारलं, थोरली डॉक्टर कशी आहे. म्हटलं, डॉक्टर नाही ती, भट्ट्या बनवते. त्यात माणसाच्या हाडात बसवायचे भाग तापवतात. बरोबर सांगितलं ना?"

मी बरोबर म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन रडलो. भरपूर रडलो, लपवत नाही. बायको मागोमाग आली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

परत आलो तोवर भिंगरीनं कळवून टाकलं होतं. पीएचडी. अंदाज माझा बरोबर निघाला, कारण मात्र साफ चुकलं. तिला ती तू तिकडे आहेस म्हणून हवी नव्हती आणि मी नको म्हणतो म्हणूनही हवी नव्हती. तिनं तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकच विचारलं होतं: तुमच्याकडे काय चाललं नाही ते दाखवा. दोघांनी यशाच्या गोष्टी सांगितल्या. या पीएचडीवाल्या प्रोफेसर बाईंनी तिला कॅमेऱ्यावर एक अख्खी खोली दाखवली, चार वर्षं चालू न झालेल्या यंत्राची, आणि म्हणाल्या, हे का चालत नाही ते मला कळत नाही, तुला बघायचंय का? दोन वर्षांनी मास्टर्स घेऊन बाहेर पडायची सोयही तिनं आधीच विचारून ठेवली होती. बिघडलेल्या यंत्राची पूर्ण खोली! माझ्या पोरीला आणखी काय पाहिजे? मी कितीही वजनं जुळवली असती तरी हा निकष माझ्या तक्त्यात आलाच नसता.

शंखोबा


२५ ऑगस्ट

ताई,

ती काल गेली. घर एवढं मोठं आहे हे लक्षात नव्हतं. टेबल रिकामं झालं तरी बाबा अजून कोपऱ्यातच जेवतात.

विमानतळावर मी फार उपदेश केला नाही. तिला म्हणालो, यंत्र चालू झालं तर कळव, नाही झालं तरी कळव, आणि कळवण्यासारखं काही नसेल तेव्हा तर नक्की कळव. ती म्हणाली, "बाबा, रडू नका, तुमच्या मागे रांग आहे." मग तीच रडली. रांगेतले लोक समजूतदार होते, बाजूनं गेले.

ती शनिवारी तुझ्याकडे येईल. तिला काही शिकवू नकोस, जेवायला घाल. तुम्ही दोघी सुरू झालात की भूक विसरता, हे मला माहीत आहे.

आणि एक सांगतो, ते नीट ऐक. कधी एखाद्या दिवशी ती अचानक बॅग घेऊन तुझ्या दारात आली आणि म्हणाली की संपलं, तर तिला काही विचारू नकोस. आत घे. झोपू दे. मला लगेच फोन केला नाहीस तरी चालेल. पण तिला एकटं ठेवू नकोस. मी पुढच्या विमानानं येईन. तिला आणायला नाही, समजवायलाही नाही. नुसता येऊन बसेन, ती उठेपर्यंत.

हे लिहिताना हात थांबला. माझ्या पोरीसाठी मी सगळं ठरवून ठेवलं, दार कोणी उघडायचं, कोणी विमान पकडायचं. आणि तेव्हा तुझ्यासाठी कोण होतं ते मला ठाऊकच नाही. लिफ्टचं कळलं, लेखाचं कळलं, बाबांचं वाक्य कळलं. पण ज्या दिवशी तू प्रयोगशाळेची किल्ली परत दिलीस आणि बाहेर आलीस, त्या दिवशी तू कुठे गेलीस? परदेशात, आई गेलेली. कोणी होतं का बरोबर? जेवलीस का गं?

मी कधी विचारलंच नाही, ताई. आता विचारतोय. सविस्तर लिही.

शंखोबा